लसीकरणाचे आकडे कुठे शोधायचे आणि वाचायचे कसे?

गणिताचे_सर
नमस्कार मंडळी. एरवी मी नुसता वाचणारा, आज अडलंय म्हणून धागा काढतोय. पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात नववीला गणित शिकवतो. सांख्यिकी चालू आहे. दरवर्षी तेच परीक्षेचे गुण आणि तोच पाऊस किती मिमी, पोरांना त्यात गोडी वाटत नाही, म्हणून यंदा म्हटलं खरे आकडे देऊ, आणि सगळ्यांच्या घरातून गेलेले आकडे देऊ, म्हणजे कोविडचं लसीकरण. ही पोरं तेव्हा पाचवीत होती, घरातल्या एकाच मोबाइलवर शाळा भरायची, त्यामुळे सगळं आठवतंय त्यांना, कुणाची आजी लसीला घाबरून शेतात जाऊन बसली होती तेसुद्धा.

कोविनच्या डॅशबोर्डवरचा एकूण आकडा घेतला, २२० कोटी ६७ लाखांच्या वर डोस. लगेच पहिला प्रश्न आला, देशात माणसं १४० कोटी मग लस २२० कोटींना कशी? ते त्यांचं त्यांनीच सोडवलं, डोस वेगळा आणि माणूस वेगळा. पण पुढचे दोन मलाही धड सांगता आले नाहीत. एका मुलीने जुन्या पेपरचं कात्रण आणलं, मुंबईत पहिला डोस १०० टक्क्यांच्या वर गेला म्हणून. "सर, शंभरातले शंभराच्या वर कसे जातील?" दुसरं म्हणजे देशाच्या रोजच्या डोसांचा आलेख काढला तर १७ सप्टेंबर २०२१ ला रेघ पानाबाहेर गेली, वरून दुसरा कागद चिकटवावा लागला.

आणि आमच्या तालुक्याचे, जमलं तर गावाचे आकडे कुठे मिळतील? पोरांना देशापेक्षा गावाचं जास्त पडलंय. माहीतगारांनी कृपया लिहावं.

मुग्धा_ठाणे
सर, फार छान उपक्रम! मुंबईचं कोडं मी माझ्या घरावरून सांगते. आम्ही राहतो ठाण्यात. माझं ऑफिस अंधेरीला, लस ऑफिसच्या कॅम्पमध्ये घेतली. नवऱ्याला मुलुंडला स्लॉट मिळाला. सासूबाईंना माझ्या नणंदेने तिच्या घराजवळ, दादरला नेलं. म्हणजे घरात आम्ही चौघं मोठी माणसं, त्यातल्या तिघांचे डोस मुंबईच्या खात्यात जमा आणि लोकसंख्येत आम्ही चौघंही ठाण्याचे. मग मुंबई वर जाणार आणि ठाणं खाली दिसणार.

चिंचोका
वाचतोय. खुर्ची घेऊन बसलोय.

केतकी_आकडे
मुग्धाने नेमकं सांगितलं. हे काम मी पोटापाण्यासाठी करते त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

टक्केवारी म्हणजे अंश भागिले छेद, हे सर वर्गात रोज सांगत असतीलच. लसीकरणात अंश येतो लस टोचली त्या जागेवरून. डोस ज्या केंद्रावर दिला त्या केंद्राच्या जिल्ह्यात तो मोजला, माणूस राहतो कुठे हे कोणी बघितलं नाही. आणि छेद येतो राहण्याच्या जागेवरून, तोही अंदाजाने, कारण आपली शेवटची जनगणना २०११ ची. २०२१ ची झालीच नाही. म्हणून २०११ वरून पुढे मोजलेली प्रक्षेपित लोकसंख्या वापरली. मुंबईत १८ वर्षांवरचे पात्र लोक धरले ९२ लाख ३६ हजार ५००. नोव्हेंबर २०२१ मध्ये पहिल्या डोसांनी हा आकडा गाठला आणि तरी लोक येतच राहिले, मग १०० च्या वर गेलं. यात कोणी खोटं बोललं असं होत नाही. अंश एका गर्दीचा, छेद दुसऱ्या गर्दीचा, एवढंच.

मुलांना एक विचारा, की मुंबई १०० च्या वर आहे म्हणजे मुंबईत एकही माणूस लसीविना उरला नाही का? याचं उत्तर 'सांगता येत नाही' असं आहे, आणि ते उत्तर द्यायला मुलं शिकली तर सांख्यिकीचं प्रकरण झालं असं मी म्हणेन.

बंड्या७
सर रागावू नका पण हे सगळे आकडे वरून येतात आणि खालून भरले जातात. माझ्या चुलत्याला डोस न घेताच दुसरा डोस झाल्याचा मेसेज आला आणि सर्टिफिकेटपण निघालं. मुलांना असल्या आकड्यांवर आलेख काढायला लावून काय शिकवणार?

मुग्धा_ठाणे
बंड्या, अशा बातम्या तेव्हा पेपरातही आल्या होत्या, नाकारत नाहीये. पण एक चुकीची नोंद आणि सगळ्याच नोंदी चुकीच्या यात फार अंतर आहे हो.

सिस्टरबाई
मी ३१ वर्षं एएनएम, म्हणजे उपकेंद्राची आरोग्यसेविका, म्हणून काढली, शेवटची दोन वर्षं याच मोहिमेत गेली, म्हणून बंड्यांना उत्तर देणं माझं कामच आहे.

खालून आकडे भरले जातात म्हणता ना, ते खालून म्हणजे मी. तर कसे भरले ते ऐका. आमचं सत्र जिल्हा परिषदेच्या शाळेत. एका वर्गात लोक बसलेले, दुसऱ्यात मी आणि माझी टेबलखुर्ची, तिसऱ्यात लस घेतलेल्यांनी अर्धा तास बसायचं. आदल्या दिवशी पीएचसीतून, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातून, निरोप, उद्या १०० डोस. सकाळी व्हॅक्सिन कॅरियर यायचा, आत आइसपॅक, मध्ये व्हायल, म्हणजे लसीच्या कुप्या. कोविशिल्डच्या एका व्हायलमध्ये १० डोस, फोडली की तिच्यावर पेनाने वेळ लिहायची आणि ४ तासांत संपवायची. म्हणून दहा माणसं जमल्याशिवाय फोडायची नाही. आठ जमले की आशाताई गल्लीत पळायची, अहो मावशी चला, दोघंच कमी आहेत. पुढे गावात व्हॅनवर भोंगा लावला.

आणि नोंद. फोनला रेंज फक्त शाळेच्या गच्चीवर. व्हेरिफायर म्हणून दिलेले गुरुजी एकेकाचं आधार घेऊन जिना चढायचे उतरायचे. जानेवारी २०२१ मध्ये तर अॅपच चालेना. मग मी वहीत लिहायची, नाव, वय, आधारचे शेवटचे चार आकडे, व्हायलचा बॅच नंबर, आणि संध्याकाळी पीएचसीत बसून ऑपरेटर पोरगा ते सगळं चढवायचा. रात्री साडेदहाला त्याच्या डब्यातली भाकरी आम्ही दोघांनी खाल्लेली आहे. दोन वेळा असं झालं की आजची माणसं दुसऱ्या दिवशी चढली. चुकीचा फोन नंबर पडला की एकाचा मेसेज दुसऱ्याला गेला. तुमच्या चुलत्यांचं तसं झालं असेल किंवा खरंच कोणी टार्गेटसाठी खोटं केलं असेल, मी तिथं नव्हते. पण माझ्या वहीतली ओळ म्हणजे माझ्या हाताने टोचलेला दंड, हे मी कुणालाही सांगेन.

बंड्या७
सिस्टर, तुमच्या कष्टांबद्दल बोललो नव्हतो, तसं वाटलं असेल तर माफ करा. माझा राग त्या मेसेजवर आहे. चुलत्यांना पुढे खरा डोस घ्यायला गेल्यावर सिस्टीम म्हणे तुमचा झालाय. तीन खेपा घातल्या तेव्हा कुठे टोचला.

सिस्टरबाई
राग बरोबरच आहे. मलाही असे लोक परत पाठवावे लागलेत, फार वाईट वाटायचं.

केतकी_आकडे
सिस्टरबाई, तुमची ही पोस्ट सरांनी वर्गात वाचून दाखवावी. 'आजची माणसं दुसऱ्या दिवशी चढली' हे एक वाक्य आलेख वाचणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवायला पाहिजे. रोजच्या आकड्यात खालीवर होतं त्यातलं बरंचसं रोगाचं किंवा लसीचं नसतंच, नोंदीचं असतं. रविवारी आकडा पडतो, सोमवारी चढतो.

म्हणून सर, १७ सप्टेंबरची रेघ मुलांनी पुसू नये, तशीच ठेवावी, आणि तिच्यावरून सात दिवसांच्या सरासरीची दुसऱ्या रंगाची रेघ काढावी. त्या दिवशी पंतप्रधानांचा वाढदिवस होता, देशभर विशेष मोहीम होती, एका दिवसात अडीच कोटींच्या वर डोस नोंदले गेले. आधीचे आणि नंतरचे दिवस त्याच्या जवळपासही नाहीत. सरासरीच्या रेघेत तो सुळका बसका होतो आणि महिन्याचा खरा वेग दिसतो.

नाना_सातारकर
केतकीताई, थोडा असहमत. एका दिवसात अडीच कोटी टोचणं ही आपल्या यंत्रणेची ताकद आहे, ती सरासरीत बुडवून टाकायची हे मला पटत नाही. पल्स पोलिओच्या रविवारी आम्ही हेच करत आलोय, १९९५ पासून. एवढ्या मोठ्या देशात एका दिवशी बूथ लावायची सवय होती म्हणून कोविडला ते जमलं.

केतकी_आकडे
नाना, ताकद आहेच, त्याबद्दल वादच नाही. दोन वेगळे प्रश्न आहेत. एका दिवसात जास्तीत जास्त किती टोचता येतील याचं उत्तर तो सुळका देतो. महिन्याभरात मोहीम खरी किती वेगाने चालली याचं उत्तर सरासरी देते. मुलांनी आधी प्रश्न ठरवावा मग रेघ निवडावी.

नाना_सातारकर
हे मान्य.

रानभूल
पोलिओवरून आठवलं, अवांतर आहे पण लिहिते. पल्स पोलिओला बोटावर मार्करची शाई लावायचे ना, आणि आमच्या एसटी स्टँडवरच्या बूथवर डोस घेणाऱ्या पोराला शिट्टी द्यायचे. माझा धाकटा तेव्हा चार वर्षांचा. त्याने घरी येऊन भिंतीला बोट घासघासून शाई काढली आणि आजोबांबरोबर परत स्टँडवर गेला. दोन शिट्ट्या घेऊन आला!

सिस्टरबाई
अहो असे प्रत्येक गावात चार असायचे. पोलिओचा जास्तीचा डोस घेतला तर काही बिघडत नाही, पण आमच्या टॅली शीटवर दोन रेघा पडायच्या. स्टँडवरचे बूथ, बाहेरगावचे प्रवासी, आजोळी आलेली पोरं, यामुळे पोलिओतही एखादं गाव १०० च्या वर जायचंच. म्हणून तर दुसऱ्या दिवसापासून घरोघर जायचं, सगळी पोरं झाली तर दारावर खडूने पी, एखादं राहिलं किंवा घर बंद असलं तर एक्स. साहेब तपासायला आले की टक्के विचारत नसत, एक्स किती राहिले विचारायचे.

केतकी_आकडे
एक्स किती राहिले. याच्यापुढे माझ्या सगळ्या एक्सेल फाइली फिक्या आहेत.

गणिताचे_सर
काय सुंदर लिहिताय सगळे. सिस्टरबाईंची पोस्ट आज वाचली वर्गात, गच्चीवरच्या रेंजचं ऐकून पोरं हसली कारण आमच्याही शाळेत रेंज फक्त हापशापाशी येते.

आता नवीन अडचण. केतकीताई, राज्याच्या आकड्यात दुसऱ्या डोसाची रेघ जून-जुलै २०२१ मध्ये पहिल्याच्या फारच खाली आहे. पोरांचा निष्कर्ष, लोक एक डोस घेऊन निवांत झाले. बरोबर आहे का? आणि एका गटाने जिल्ह्याचे आकडे उतरवले त्यात एका दिवशी चक्क उणे आलं. उणे लस कशी टोचतात विचारतायत.

चिंचोका
उणे लस म्हणजे सुईत परत ओढून घेतात :)

केतकी_आकडे
चिंचोका, मुलांना हे नक्की आवडेल!

उण्याचं आधी. जिल्ह्याच्या फाइलमध्ये बहुधा एकत्रित बेरीज असते, म्हणजे आजपर्यंत एकूण किती. रोजचा आकडा हवा तर आजच्यातून कालचा वजा करायचा. मध्येच कोणी चुकीची नोंद काढली किंवा एका जिल्ह्यातलं केंद्र दुसऱ्यात हलवलं की आजची बेरीज कालच्यापेक्षा कमी येते, आणि वजाबाकी उणे. ती चूक दुरुस्त केल्याची खूण असते. मुलांनी ते शून्य करून लपवू नये, खाली टीप द्यावी.

दुसऱ्या डोसाचं: लोक निवांत झाले हा निष्कर्ष घाईचा आहे. कोविशिल्डच्या दोन डोसांमधलं अंतर आधी ४ ते ६ आठवडे होतं. मार्च २०२१ मध्ये ते ६ ते ८ केलं, आणि १३ मे २०२१ ला १२ ते १६ आठवडे. म्हणजे ज्याने एप्रिलच्या मध्यात पहिला घेतला त्याचा दुसरा जुलैपर्यंत येतच नाही. त्याला कोविन तारीखच देत नव्हतं. आपल्याकडे बहुतेकांना कोविशिल्डच मिळाली, त्यामुळे रेघ पडणारच. कोव्हॅक्सिनचं अंतर २८ दिवसच राहिलं. दोन्ही लसींच्या रेघा वेगळ्या काढल्या तर मुलांना हे डोळ्यांनी दिसेल. शिवाय मे महिन्यात आपल्या राज्याने तुटवड्यामुळे १८ ते ४४ वाल्यांचं थांबवून साठा ४५ वरच्यांच्या दुसऱ्या डोसाकडे वळवला होता, तेही पहिल्या डोसाच्या रेघेत दिसेल.

थोडक्यात, आलेखाखाली एक पट्टी काढून तिच्यावर नियम कधी बदलले ते लिहायला सांगा. १६ जानेवारी २०२१ आरोग्य कर्मचारी, १ मार्च ६० वरचे आणि आजार असलेले ४५ वरचे, १ एप्रिल सगळे ४५ वरचे, १ मे सगळे १८ वरचे, ३ जानेवारी २०२२ ला १५ ते १८ ची मुलं, १६ मार्च २०२२ ला १२ ते १४. प्रत्येक तारखेला छेद बदलतो.

तुषार_लीड्स
धागा आवडला. मी २०२१ च्या ऑगस्टमध्ये इकडे इंग्लंडला शिकायला आलो. पहिला डोस पुण्यात, दुसरा इकडे. तर कोविनच्या लेखी मी अजून एक डोस घेतलेला माणूस आहे, आणि इकडच्या लेखी माझा पहिला डोस कुठे आहे हे समजावताना माझी वर्षभर पायपीट झाली. माझ्यासारखे विद्यार्थी हजारो असतील. (परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना २८ दिवसांत दुसरा डोस द्यायची सोय जूनमध्ये केली होती, माझी कागदपत्रं उशिरा आली.)

छेदाचा घोळ इथेही होता बरं का. इंग्लंडमध्ये एक छेद डॉक्टरांकडे नोंदलेल्या लोकांचा, दुसरा त्यांच्या सांख्यिकी खात्याच्या लोकसंख्या अंदाजाचा. पहिला मोठा, कारण माणूस गाव बदलून गेला, देश सोडून गेला तरी जुन्या दवाखान्याच्या यादीत नाव राहतं. छेद बदलला की त्याच शहराची टक्केवारी बदलायची, टोचलेले दंड तेवढेच.

रानभूल
तुषार, तुझं वाचून लिहावंसं वाटलं. माझ्या बाबांनी पहिला डोस एप्रिल २०२१ मध्ये घेतला. मे महिन्यात ते गेले, कोविडनेच. नोव्हेंबरमध्ये त्यांच्या नंबरवर मेसेज आला की तुमचा दुसरा डोस बाकी आहे. फोन आईजवळ असायचा. तिने तो मेसेज मला दाखवला आणि विचारलं, यांना कळवायचं असतं का कुठे. मला उत्तर येईना.

तेव्हा बातम्यांत होतं की १० कोटींहून जास्त लोकांचा दुसरा डोस राहिलाय, लोक बेफिकीर झालेत. त्यात माझे बाबा मोजलेले होते.

मुग्धा_ठाणे
रानभूल, काय लिहू. तुला आणि काकूंना मनापासून नमस्कार.

सिस्टरबाई
पोरी, आमच्या ड्यू लिस्टमध्ये, म्हणजे डोस बाकी असलेल्यांच्या यादीत, अशी नावं असायची. 'हर घर दस्तक' मोहिमेत मी अशा घरात गेलेय. दार उघडणाऱ्याचा चेहरा बघूनच कळायचं. वहीत 'मयत' लिहून यायचं, पण त्यांचं नाव पोर्टलच्या यादीतून काढायची सोय माझ्याकडे नव्हती.

गणिताचे_सर
रानभूलताई, तुमची परवानगी असेल तर हे वर्गात नाव न घेता सांगेन. दोन मुलांच्या घरातही असंच झालंय.

रानभूल
जरूर सांगा सर.

मांडवीकाठ
मी पणजीहून. गोव्याचं उदाहरण सरांना उपयोगी पडेल. सप्टेंबर २०२१ मध्ये गोव्याने जाहीर केलं की पात्र लोकांपैकी १०० टक्क्यांना पहिला डोस झाला. तेव्हा गोव्यासोबत हिमाचल, सिक्कीम, लडाख, लक्षद्वीप अशी छोटी राज्यं आणि प्रदेश होते, गोव्याचे पहिले डोस ११ लाख ८३ हजारांच्या आसपास. आनंदच झाला आम्हाला. पण दुसऱ्या दिवशीही आमच्या केंद्रावर पहिल्या डोसाला लोक उभे होते! १०० टक्के झाल्यावर हे कुठून आले? तर सावंतवाडी, दोडामार्गहून रोज कामाला येणारे, बांधकामावरचे कामगार, हॉटेलांत काम करणारे, इथे घर घेऊन राहिलेले. गोव्याची २०११ ची लोकसंख्या साडेचौदा लाख, एवढ्याशा छेदात पन्नास हजार माणसं इकडेतिकडे झाली की टक्केवारी केवढी हलते बघा. मोठ्या राज्यात ते कळतही नाही.

नाना_सातारकर
छोट्या छेदाचा मुद्दा भारी आहे. सर, गावाची टक्केवारी काढाल तेव्हा हे लक्षात असू द्या.

केरळचंही सांगतो. मे २०२१ च्या सुरुवातीपर्यंत केरळला केंद्राकडून ७३ लाख ३८ हजार ८०६ डोस मिळाले आणि त्यांनी टोचले ७४ लाख २६ हजार १६४. मिळालेल्यापेक्षा टोचलेले जास्त! मला आधी वाटलं छपाईची चूक.

सिस्टरबाई
चूक नाही नाना. व्हायलमध्ये १० डोस लिहिलेले असले तरी भरताना थोडी जास्त भरतात, कारण सिरिंजमध्ये थोडी अडकतेच. हात सफाईदार असला तर अकरावा डोस निघतो. मी पण काढलेत. अकरावा निघाला की आशाताई आणि मी एकमेकींकडे बघून हसायचो, अजून एक झाला म्हणून.

चिंचोका
मला एक मूलभूत शंका आहे. कोविडची मोहीम झाली गेली. आता लहान मुलांच्या नेहमीच्या लसींचं बघायला हवं ना? गोवर, घटसर्प वगैरे. मुंबईत २०२२ च्या शेवटी गोवंडीकडे गोवराची साथ आली होती, मुलं गेली. तिथेही कागदावर टक्के चांगलेच असतील.

केतकी_आकडे
चिंचोका, खुर्चीवरून उठून नेमका प्रश्न विचारलास.

बाळांच्या लसींचे आकडे दोन वाटांनी येतात. एक, आरोग्य केंद्रांनी महिन्याला पाठवलेले, त्यात मुंबईसारखाच अंश-छेदाचा प्रश्न. दुसरी वाट पाहणीची, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. त्यात घरी जाऊन १२ ते २३ महिन्यांच्या बाळाचं कार्ड बघतात, कार्ड नसेल तर आईला विचारतात. इथे अंश आणि छेद एकाच घरातून येतात म्हणून टक्केवारी १०० च्या वर जाऊच शकत नाही. देशात पूर्ण लसीकरण चौथ्या फेरीत ६२ टक्के, पाचव्यात ७६.४. महाराष्ट्र ५६.२ वरून ७३.५.

आता यातला धोका ऐका. पाचव्या फेरीला सगळे २०१९-२१ म्हणतात आणि त्यावरून कोविडचा परिणाम काढतात. पण महाराष्ट्राची पाहणी झाली २०१९ च्या दुसऱ्या अर्ध्यात, कोविडच्या आधी. त्यातल्या बाळांच्या लसी २०१७ ते २०१९ मधल्या. त्या आकड्यावरून टाळेबंदीत काय झालं ते कळणारच नाही. वर्ष कुठलं छापलंय त्यापेक्षा दारात माणूस कधी गेला ते बघायचं.

टाळेबंदीचा फटका बघायचा तर जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचे अंदाज बघा. एकही डोस न मिळालेली बाळं, ज्यांना शून्य डोस म्हणतात, भारतात २०२१ ला २७ लाख, २०२२ ला ११ लाख, २०२३ ला पुन्हा १६ लाख. तेही अंदाजच, दरवर्षी जुलैत मागची वर्षंसुद्धा नव्याने मोजतात, म्हणून दोन वर्षांच्या दोन अहवालांतले आकडे शेजारी ठेवू नयेत, ताज्या अहवालातली सगळी रांग घ्यावी.

मुग्धा_ठाणे
दारात माणूस कधी गेला... सेव्ह करून ठेवलं.

बंड्या७
केतकीताई मग सरांच्या तालुक्याचं काय? तो प्रश्न राहिलाच की.

केतकी_आकडे
खरंच राहिला, धन्यवाद बंड्या. सर, जिल्ह्यापर्यंतचे रोजचे आकडे स्वयंसेवकांनी चालवलेल्या कोविड१९इंडिया या संकेतस्थळाच्या जुन्या फाइलींत मिळतील, ते काम ३१ ऑक्टोबर २०२१ ला थांबलं पण फाइली जतन आहेत. राज्यवार आकडे आरोग्य मंत्रालयाच्या रोजच्या पीडीएफमध्ये आणि संसदेतल्या प्रश्नोत्तरांत. ती प्रश्नोत्तरं जरूर बघा, खासदाराने नेमका प्रश्न विचारलेला असला की उत्तराला सोबत तक्ता जोडलेला असतो. तालुक्यासाठी मात्र तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या. आणि गावासाठी उपकेंद्रात जा. नावं मागू नका, फक्त मोजणी मागा.

सिस्टरबाई
सकाळी दहाच्या आत जा, नंतर सिस्टर फिरतीवर असते. मंगळवार-बुधवार विचारून जा, लसीचा दिवस असला तर तिला बोलायला फुरसत नसते.

गणिताचे_सर
मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. पत्र दिलं, तालुक्याच्या आकड्यांना वेळ लागेल म्हणाले. गावाचं मात्र झालं. उपकेंद्रातल्या सिस्टरांनी सहा मुलांना समोर बसवलं, स्वतः वही धरली आणि नुसते आकडे वाचून दाखवले, वाडीवार. पोरांनी उतरवले. छेदासाठी ग्रामपंचायतीतून लोकसंख्या घेतली.

पहिल्या डोसाला गाव ७० च्या घरात आलं आणि पोरं हिरमुसली, शेजारचं गाव ९० च्या वर सांगत होतं. मग वाड्या वेगळ्या काढल्या. गावठाण १०० च्या पुढे, आणि दोन वाड्या निम्म्याच्याही खाली. त्या दोन वाड्यांतून दसरा झाला की कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, बाहेर पडतात, चार-पाच महिने साखर कारखान्यावर. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये राज्याची कवच कुंडल ही लसीकरण मोहीम जोरात होती तेव्हाच माणसं निघायच्या तयारीत. पोरांनी लिहिलं, या वाड्या लस घेत नाहीत. मी काही बोललो नाही.

मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. तो त्यातल्याच एका वाडीतला, एरवी तोंड उघडत नाही. म्हणाला, "सर, माझ्या आई-दादांनी तिकडं कारखान्यावर घेतली, फडात गाडी आली होती. आन बहिणीची गोवराची बी तिकडंच झाली. मग ती हितं मोजायची का तिथं?"

केतकीताई, मी फळ्यावर अंश आणि छेद लिहिला आणि खडू त्याच्या हातात दिला. त्याने तक्त्याला एक रकाना वाढवला, 'कुठं टोचली'. आता शनिवारी मुलं त्या दोन वाड्यांत घरोघर जाणार आहेत, पालकांशी बोललोय, एवढे दोनच प्रश्न विचारणार, घेतली का आणि कुठं. बंद घरांवर काय खूण करायची ते त्यांनीच ठरवलंय, खडूने एक्स.

सिस्टरबाई
शनिवारी त्या पोराला पुढे ठेवा सर. दारं त्याच्यामुळे उघडतील.